संमतीविना दिलेली नावे : कृष्णवर्णीयांचा वारसा, कलादालन आणि विहाराची भिंत

न्हावा शेवा बंदराच्या परिसरात उभे राहिले की खाडीच्या पाण्यापलीकडे घारापुरीचे बेट दिसते. १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेली लेणी ती हीच. मुंबईहून बोटीने येणारा प्रवासी पश्चिमेकडच्या टेकडीवरील शैव लेणे पाहतो, त्रिमूर्तीसमोर छायाचित्र काढतो आणि परततो. बेटावर दुसरीही एक टेकडी आहे. ती पूर्वेकडे असून तिला स्तूप टेकडी म्हणतात. विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष तिच्यावर आहेत. ती कोणी झाकून ठेवलेली नाही. प्रवाशाच्या फेरीत ती बसवली गेली नाही, एवढेच.

वारसा नुसता असून भागत नाही. तो कोणीतरी निवडतो, मांडतो आणि त्याला नाव देतो. ही निवड, मांडणी व नामकरण ज्यांच्या हाती असते त्यांच्या दृष्टीने पुढच्या पिढ्या पाहू लागतात. अमेरिकेतील व इंग्लंडातील कलादालने कृष्णवर्णीय कलावंतांचा आणि त्यांच्या वारशाचा गौरव करण्यासाठी आज जे उपक्रम करतात, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात याच अंगाने करावयाचा आहे. हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. तसे ते नाही, हे पुढे दिसून येईल.

अमेरिकेत कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९२६ साली 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. १९७६ पासून सप्ताहाचा महिना झाला. फेब्रुवारी आला की तेथील कलादालनांत कृष्णवर्णीय चित्रकारांची प्रदर्शने, व्याख्याने व मुलांसाठी चित्रवर्ग भरतात. इंग्लंडात हेच ऑक्टोबरमध्ये घडते. महिना संपला की पुष्कळ ठिकाणी चित्रे उतरतात. आपल्याकडेही महापुरुषांच्या तसबिरी जयंतीच्या दिवशी पुसल्या जातात, त्यांना हार घातले जातात, आणि दुसऱ्या दिवशी हार सुकत असताना कचेरीचा कारभार पूर्ववत चालू होतो. गौरव आणि न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

यासंबंधीची एक घटना अभ्यासण्यासारखी आहे. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीवर 'हार्लेम ऑन माय माइंड' हे भव्य प्रदर्शन भरविले. छायाचित्रे होती, ध्वनिमुद्रणे होती, मजकूर होता. परंतु हार्लेममध्ये वर्षानुवर्षे चित्रे काढणाऱ्या, मूर्ती घडविणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांचे एकही चित्र वा शिल्प त्यात नव्हते. रोमारे बेअर्डन, बेनी अँड्र्यूज इत्यादी कलावंतांनी संग्रहालयाच्या दारात निदर्शने केली. या प्रदर्शनामुळे जेम्स व्हॅन डर झी या ज्येष्ठ कृष्णवर्णीय छायाचित्रकाराचे काम प्रथमच मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही मूळ दोष शिल्लक राहतोच. वस्ती प्रदर्शनाचा विषय झाली, पण वस्तीने स्वतःविषयी काय रंगविले आहे ते पाहण्याची गरज आयोजकांना भासली नाही. ज्यांना दाखवायचे त्यांनाच विचारले गेले नाही.

पालीच्या अभ्यासकाला या ठिकाणी अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील छळभिजातिसुत्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर आनंद स्थविर भगवंतांना सांगतात की, पूरण कस्सपाने माणसांच्या सहा 'अभिजाती' रंगांवरून ठरविल्या आहेत. त्यांत सर्वांत खालची काळी आणि सर्वांत वरची परमशुभ्र. काळ्या अभिजातीत त्याने खाटीक, पारधी, चोर आणि तुरुंगाचे रक्षक यांच्याबरोबर मासे मारणाऱ्यांनाही घातले आहे. ज्या शेव्याच्या कोळ्यांची वाडी बंदरासाठी उठविली गेली, त्यांच्या पूर्वजांचा वर्ग पूरण कस्सपाने अडीच हजार वर्षांपूर्वीच असा ठरवून ठेवला होता! भगवंत यावर प्रथम काय विचारतात, ते लक्षात घेणे अगत्याचे आहे. रंगांचा क्रम बरोबर की चूक, हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हे. असे वर्गीकरण करण्यास सर्व लोकांनी पूरण कस्सपाला संमती दिली आहे काय, असे ते विचारतात. आनंद नाही म्हणतात. तेव्हा भगवंत दृष्टांत देतात : एखाद्या निर्धन माणसाला त्याची इच्छा नसताना मांसाचा तुकडा बळेच द्यावा, तो खायला लावावा आणि वर त्याची किंमतही त्याच्याकडूनच मागावी, तसे हे आहे.

दुसऱ्यावर लादलेले नाव कसे असते, याचे याहून नेमके वर्णन माझ्या वाचनात नाही. नाव लादले जाते, ते गिळावे लागते, आणि त्याची किंमत पिढ्यान् पिढ्या मोजावी लागते ती ज्याच्यावर ते लादले त्यालाच. कृष्णवर्णीयांच्या आणि आपल्या इतिहासाचा समान धागा येथे आहे. दोन्ही दुःखे एकच आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतील भेद बाबासाहेबांनी स्वतः तपशीलवार मांडला आहे. उघड बंधनापेक्षा नकळत अंगवळणी पडलेले बंधन अधिक घातक ठरते, हे त्यांनी दाखविले. तथापि भेद जाणूनही त्यांनी नाते ओळखले होते. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात, हार्लेमच्या अगदी शेजारी, शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. डु बॉइस यांनी त्या पत्राला आस्थेने उत्तर दिले.

हे नाते मराठीत पुढे वाढले ते प्रामुख्याने शब्दांच्या आधारे. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा व संस्कृतीचा मराठीतून परिचय करून दिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा ब्लॅक पँथर हे नाव येथील तरुणांच्या ओठांवर होते. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याभोवतीचे नागसेनवन हे या विचारमंथनाचे एक प्रमुख केंद्र होते.

येथेच आपल्या दृष्टीतील एक उणीव सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मी स्वतःला वगळत नाही. ज्या शहरात बसून आपण हार्लेमच्या कविता वाचल्या, ते शहर एका कृष्णवर्णीयाने वसविले आहे. १६१० साली खडकी या नावाने त्याची उभारणी केली ती मलिक अंबरने. तेच पुढे औरंगाबाद झाले, आणि आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. अंबर सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मला, बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था आणि खडकीला पाणी पुरविणारी नहर-ए-अंबरी यांची नोंद इतिहासकार घेतात. १६२६ साली तो वृद्धपणी वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. आपण कृष्णवर्णीयांचा वारसा समुद्रापलीकडे शोधला, पायाखाली पाहिले नाही.

मलिक अंबर चित्रांतून कसा दिसतो, हे पाहणे उद्बोधक आहे. मोगल दरबाराच्या चित्रकारांनी काढलेली त्याची दोन चित्रे प्रसिद्ध आहेत. पहिले अबुल हसनचे, सुमारे १६१६ मधील. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडत आहे. शिरावर घुबड बसलेले आहे. चित्रातील फारसी मजकूर अंबरच्या वर्णाची सांगड रात्रीशी घालतो. हे सारे कल्पित आहे. जहांगीरच्या बाणाने अंबर कधीच मेला नाही. मोगल फौजा त्याला कायमचे नमवू शकल्या नाहीत. जे रणात साधले नाही ते कागदावर साधून घेतले गेले. चित्रकाराचे कौशल्य उच्च कोटीचे आहे, आणि म्हणूनच ते चित्र अधिक धोक्याचे आहे : काळा चेहरा, रात्र, घुबड आणि अशुभ यांची साखळी ते इतक्या देखणेपणाने गुंफते की पाहणाऱ्याला ती स्वाभाविक वाटावी.

दुसरे चित्र हाशिमचे. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि त्याचा काळ सुमारे १६२० ते १६२५ असा धरला जातो. येथे अंबर एकटा उभा आहे. अंगात शुभ्र जामा, चेहरा एका बाजूने दाखविलेला, वय झालेले, शरीर भारदस्त. घुबड नाही, भाला नाही, रात्रही नाही. त्याचा काळा वर्ण चित्रकाराने लपविला नाही आणि त्यातून काही सुचविलेही नाही. वर्ण हा फक्त वर्ण राहिला आहे. एकाच दरबाराच्या कलापरंपरेतून एकाच माणसाची ही दोन रूपे निघाली. पहिल्यात माणसाचे प्रतीक झाले. दुसऱ्यात माणूस माणूसच राहिला. कलादालनाने कोणते चित्र भिंतीवर लावावे, असा प्रश्न कोणी केला तर माझे उत्तर असे की, दोन्ही लावावीत, शेजारी शेजारी लावावीत, आणि खालच्या माहितीपट्टीवर हा फरक स्पष्टपणे लिहावा. अपमानाचे चित्र दडवून इतिहास शुद्ध होत नाही.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्राने भारतातील आफ्रिकी वंशीयांवर एक प्रदर्शन सिद्ध केले, आणि २०१४ साली ते दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आले. मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी, दरबारी हबशी सरदार यांच्या चित्रांच्या प्रतिकृतींबरोबर आजच्या सिद्दींची छायाचित्रेही त्यात होती. हे कार्य स्तुत्य होते यात शंका नाही. तथापि त्याच्या शीर्षकाचा भर गुलामांपासून सेनापती व राज्यकर्ते होण्यावर होता, आणि येथे आंबेडकरी वाचकाने थांबून विचार केला पाहिजे. एक माणूस वर चढणे आणि एक वर्ग मुक्त होणे, यांत महदंतर आहे. जंजिरा संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले; ते आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरुडजवळ. तेथील सिद्दी राज्यकर्ते होते, आणि राज्यकर्त्यांचे गुणदोष त्यांच्यातही होते. परंतु कर्नाटकात जंगलाच्या कडेने राहणाऱ्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळण्यासाठी २००३ साल उजाडावे लागले. नबाबाची तसबीर त्यांच्या पोटाला आधार देत नाही. ज्या गौरवात केवळ सेनापतींना जागा आहे आणि खलाशी, दासी व शेतमजुरांना नाही, तो गौरव पूरण कस्सपाच्या सहा पायऱ्या तशाच ठेवून एकदोघांना वरच्या पायरीवर बसवितो.

मग योग्य मांडणी कशी असावी? जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराने १९४०-४१ मध्ये काढलेली स्थलांतराची साठ चित्रांची मालिका याचे उत्तर देते. दक्षिणेकडील शेतांतून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघालेले लाखो कृष्णवर्णीय हा तिचा विषय. त्यात कोणी सेनापती नाही. स्थानकांवरील गर्दी, गाठोडी, रिकामी झालेली शेते, कोंदट खोल्या, शाळेतल्या मुली! सपाट, मोजक्या रंगांत ही चित्रे काढलेली आहेत. विशेष म्हणजे प्रत्येक चित्राखालचे वाक्य चित्रकाराच्या स्वतःच्या मांडणीचा भाग आहे. नाव देण्याचा अधिकार त्याने कलादालनाकडे सोपविला नाही. आज ही मालिका दोन संग्रहालयांत विभागलेली आहे. विषम क्रमांकाची चित्रे वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आणि सम क्रमांकाची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. पण शब्द आणि चित्र यांची जोडी कोणी तोडू शकले नाही. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांकडे व गोदीकडे गेलेल्या आपल्या आज्या-आजोबांना ही चित्रे परकी वाटली नसती.

आपल्याकडे याच दिशेचे काम नागपूरचे सवी सावरकर (जन्म १९६१) यांनी केले आहे. गळ्यात मडके अडकविलेला अस्पृश्य आणि देवदासी हे त्यांचे विषय. त्यांच्या रेषा ओबडधोबड आहेत आणि तसे असणे हेतुपूर्वक आहे, असे माझे मत आहे. पेशवाईतील गळ्यातले मडके सुबक रेषेत काढले तर ते शोभेची वस्तू होईल. सावरकरांचा अस्पृश्य पाहणाऱ्याला आवडून घेण्याचा प्रयत्न करीत नाही. तो पाहणाऱ्याकडे रोखून पाहतो. अबुल हसनच्या चित्रातील शिर बाणाचे लक्ष्य आहे; सावरकरांच्या चित्रात लक्ष्य पाहणारा असतो. अशा चित्रांना मुंबईच्या नामांकित दालनांत सहजासहजी स्थान मिळाले नाही, यात आश्चर्य नाही. आपल्या समाजाचे खरे चित्रदालन आजवर चैत्यभूमी व दीक्षाभूमीचा रस्ता हेच राहिले आहे : तेथील दिनदर्शिका, तसबिरी, प्लास्टरचे पुतळे आणि पुस्तकांची मुखपृष्ठे.

आता आपल्या घरातील एका अवघड गोष्टीकडे वळणे भाग आहे. काळ्या रंगाचा अशुभाशी संबंध जोडल्याबद्दल मोगल चित्रकाराला दोष देताना आपल्या ग्रंथांकडे डोळेझाक करता येणार नाही. पालीत माराचे एक नाव 'कण्ह' म्हणजे काळा असे आहे. अकुशल कर्मांना कण्ह आणि कुशल कर्मांना 'सुक्क' म्हणजे शुभ्र म्हटले आहे. छळभिजातिसुत्तातही भगवंत पूरण कस्सपाची संमती नाकारून पुढे स्वतःच्या सहा अभिजाती सांगतात तेव्हा चांडाळादी हीन मानलेल्या कुळांतील जन्माला 'कण्ह' हाच शब्द राहतो. हे अवघडल्यासारखे वाटते, आणि वाटले पाहिजे. मात्र अर्थ कोठे हलला आहे तेही पाहावे. काळ्या म्हटलेल्या जन्माचा माणूस काळे कर्म करील, शुभ्र कर्म करील, किंवा काळेही नाही व शुभ्रही नाही असे निर्वाण प्राप्त करील. आणि शुभ्र म्हटलेल्या जन्माच्या माणसापुढेही नेमके हेच तीन मार्ग आहेत. जन्माच्या रंगाने कर्माचा रंग ठरत नाही, आणि अंतिम ध्येयाला रंगच नाही. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात ब्राह्मण हाच शुभ्र वर्ण व इतर काळे, हा दावा भगवंत खोडून काढतात. योन व कंबोज देशांत केवळ मालक आणि दास असे दोनच वर्ग असून मालकाचा दास व दासाचा मालक होतो, याची ते आठवण देतात. अंबरचे चरित्र याचाच दाखला नव्हे काय?

तथापि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते दीघनिकायातील अंबट्ठसुत्त. कुळाच्या गर्वाने शाक्यांना हीन लेखणाऱ्या अंबट्ठाला भगवंत दाखवून देतात की, त्याचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीचा, काळ्या वर्णाचा म्हणून पिशाच समजला गेलेला मुलगा होता. हा भाग आपल्या सभांतून आपण रंगवून सांगतो आणि टाळ्या पडतात. मीही अनेक वर्षे वर्गात तो तसाच शिकविला. पण सुत्त तेथे संपत नाही. बरोबरचे तरुण अंबट्ठाला दासीपुत्र म्हणून हिणवू लागतात, तेव्हा भगवंतांना ते अति होते आहे असे वाटते. ते त्यांना थांबवितात आणि सांगतात की, तो कण्ह पुढे मोठा ऋषी झाला. दासीचा मुलगा असणे लपविण्याजोगे नाही. पण ते कोणाला मारण्याचे शस्त्रही नाही. गर्वाचे खंडन करण्यापुरते सत्य सांगितले गेले, आणि त्या सत्याच्या आड दासीचा अपमान होऊ लागताच तो अडविला गेला. टाळ्या वाजवताना आपण दिसाला विसरतो. ब्राह्मणाची फजिती म्हणून तिचे नाव घेणे म्हणजे तिला पुन्हा एकदा दासी करणे होय.

माझ्या मते कोणत्याही कलादालनाला, आणि आपल्या विहारालाही, यातून तीन नियम घेता येतील. ज्यांचे चित्र लावायचे त्यांना विचारावे. गुलामगिरीचा इतिहास दडवू नये. आणि तो सांगताना गुलामाची मान खाली जाणार नाही अशा शब्दांत सांगावा.

विहारांशी संलग्न संस्थांना यासाठी मोठा निधी लागत नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत प्रवचनांसाठी लोक जमतातच. त्या काळात एका भिंतीवर अंबरची दोन्ही चित्रे, लॉरेन्सच्या मालिकेतील काही, सावरकरांची काही, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील जिला 'काळी राजकन्या' म्हटले जाते ती आकृती, अशा प्रतिकृती लावता येतील. त्या राजकन्येला काळी हे विशेषण नंतरच्या पाहणाऱ्यांनी दिले. चित्रकाराने तिला इतरांइतकेच लावण्य दिले होते. चित्राखालचा मजकूर विद्यार्थ्यांनी लिहावा आणि तो लिहिण्याआधी वस्तीतील वृद्धांना वाचून दाखवावा. शक्य तेथे सिद्दी बांधवांना बोलवावे, ते नाचण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. बंदरासाठी जमिनी गेलेल्या गावांतील माणसांनी आपली गावे आठवणीतून काढावीत. आणि वर्षावास संपला तरी भिंत रिकामी करू नये.

२०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावा शेवा हा सागरी सेतू सुरू झाला, तेव्हापासून हा किनारा मुंबईच्या अगदी जवळ आला आहे. मुंबईतील दालने पाहणे आता येथील मुलांना पूर्वीपेक्षा सोपे झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण तेथे जाण्यापूर्वी त्यांनी एकदा घारापुरीला जावे, आणि त्रिमूर्ती पाहून झाल्यावर पूर्वेची टेकडी कोणती, ती दाखवा, असे वाटाड्याला विचारावे.